आईकडून आलं, म्हणून आईचा दोष?

'तीन पालकांची बाळं' ही बातमी तुम्हीही वाचली असेल. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं, की तिथं सात स्त्रियांना अशी आठ बाळं झाली. आमच्या बचत गटात त्यावर भरपूर चर्चा रंगली. "मग खरी आई कोणती गं?" एकीनं विचारलंच.

शाळेत आपण मेंडेलचे वाटाणे शिकलो. प्रत्येक गुणाचं एक जनुक आईचं, एक वडिलांचं. पण निसर्ग सगळीकडे हा हिशोब पाळत नाही. आपल्या पेशींत शक्ती तयार करणाऱ्या तंतुकणिका असतात. डॉक्टर त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. पेशीतली चूलच म्हणा ना! त्यांची स्वतःची ३७ जनुकं असतात आणि ती येतात आईकडून. वडिलांच्या शुक्रजंतूतल्या तंतुकणिका गर्भात टिकत नाहीत. या जनुकांत बिघाड असला, की मेंदू, हृदय, स्नायू यांना शक्ती कमी पडते. साधारण ५,००० बाळांमागे एकाला असा आजार होतो.

न्यूकॅसलला काय केलं? आई-वडिलांच्या फलित बीजाचं केंद्रक काढून दुसऱ्या स्त्रीच्या, निरोगी तंतुकणिका असलेल्या बीजात ठेवलं. केंद्रकातली सुमारे २०,००० जनुकं आई-वडिलांचीच. त्या दुसरीनं दिली ती फक्त चूल. ब्रिटननं २०१५ मध्येच याला कायद्यानं परवानगी दिली होती. काही बाळांत बिघडलेला अंश थोडासा आढळला, म्हणून डॉक्टर त्यांच्यावर लक्ष ठेवून आहेत.

मला काळजी वाटते ती वेगळीच. 'आईकडून येतं' एवढंच लक्षात ठेवणारी माणसं खूप असतात. मुलगा की मुलगी हे वडिलांच्या शुक्रजंतूवर ठरतं, तरी बोल सुनेलाच लागतो. त्यांच्या हाती हे नवं कोलीत नको.

म्हणून पुढचंही समजून घेऊया. आईच्या शरीरात चांगल्या आणि बिघडलेल्या तंतुकणिका एकत्र असू शकतात. कुठल्या बीजात किती जातील, हे कुणाच्याच हातात नसतं. म्हणून आई धडधाकट, थोरला ठणठणीत आणि धाकटा आजारी असं होऊ शकतं. त्यात ग्रहण पाळलं नाही की पपई खाल्ली, याचा काडीचा संबंध नाही. शिवाय तंतुकणिकांचे बरेच आजार केंद्रकातल्या जनुकांमुळे होतात. ती तर दोघांकडून येतात! तेव्हा तपासणीआधी निकाल देणारे आपण कोण?

मूल सारखं गळून जात असेल, फिट येत असतील, शिकलेलं विसरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि जनुकीय सल्ल्याबद्दल विचारा. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात मुंबईचं केईएम रुग्णालय विशेष केंद्र आहे. आणि हो मैत्रिणींनो, जाताना त्या आईसोबत घरातलं मोठं माणूसही जाऊ द्या. डॉक्टर काय सांगतात, ते सासूबाईंच्याही कानावर पडायला हवं.