कुतुबच्या पाठीमागचं गाव

दिल्लीला गेलात की कुतुबमिनार बघणार, हे ठरलेलंच असतं. कॉलेजची सहल असो, एनएसएसचं शिबिर असो, नाहीतर चुलतभावाचं लग्न असो. बस थांबते, पाऊण तास मिळतो, मिनार चिमटीत पकडल्याचा फोटो निघतो, लोहस्तंभाभोवती कठडा आहे म्हणून थोडा हिरमोड होतो आणि गाडी निघते लोटस टेंपलकडे. मीसुद्धा असंच केलंय. एकदा नाही, दोनदा.

माझं म्हणणं एवढंच आहे, की पुढच्या वेळी ती बस सोडून द्या. कुतुबच्या पाठीमागे एक गाव आहे, मेहरौली. दिल्लीच्या दक्षिण टोकाला, पुढे गुरुग्रामचा रस्ता लागतो तिथे. त्याला अख्खा एक दिवस द्या.

आता हे सांगायचा मला काय अधिकार? तर मी दोन वर्षं दिल्लीत राहिले. तुमच्यापैकी अनेकजण जाणार आहात त्याच कामासाठी. मुखर्जीनगरमध्ये कॉटबेसिसवर, चार मुलींच्यात एक आरसा. सकाळी क्लास, दुपारी लायब्ररी, रात्री टेस्ट सिरीज. ‘आर्ट अँड कल्चर’च्या नोट्समध्ये एक ओळ होती, ‘बल्बनची कबर : भारतातली पहिली खरी कमान’. ही ओळ मी पिवळ्या, गुलाबी आणि हिरव्या अशा तीन हायलायटरनी रंगवली होती. प्रिलिमला त्यावर प्रश्न आला नाही तो नाहीच. आणि ती कबर माझ्या खोलीपासून एका मेट्रोवर होती. जीटीबी नगरला यलो लाइनमध्ये बसायचं आणि कुतुबमिनार स्टेशनला उतरायचं. लाइनसुद्धा बदलावी लागत नाही! दोन वर्षांत मी गेले नाही. दुसऱ्यांदा यादीत नाव नव्हतं, खोली सोडायला आठवडा होता, करायला काहीच नव्हतं, म्हणून गेले.

मेहरौली आर्किऑलॉजिकल पार्क हे नाव जरा फसवं आहे. दोनशे एकरांवर पसरलेलं ते एक अर्धवट जंगल आहे. झाडी भरपूर आहे, पण त्यातली बरीच म्हणजे आपली वेडी बाभूळ, तिथे तिला विलायती कीकर म्हणतात. मधूनच कडुनिंब, मधूनच पिंपळ, मोर ओरडतात, आणि एखाद्या वळणावर अचानक सातशे वर्षांची भिंत. तिकीट नाही. सकाळी फिरायला आलेले काका-काकू, क्रिकेट खेळणारी पोरं, झाडाखाली अभ्यास करत बसलेला एखादा मुलगा. बल्बन १२८७ मध्ये गेला. त्याच्या कबरीवर आता छतही उरलेलं नाही. कमान मात्र आहे. मी तिच्याखाली उभी राहून वर बघितलं. ‘खरी कमान’ म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. त्याआधीच्या कमानी दगड थोडे थोडे पुढे सरकवून रचायचे, वरून वजन आलं की बेताचंच पेलणार. इथे पाचरीसारखे कापलेले दगड एकमेकांवर रेलून उभे आहेत, मधला दगड दोन्ही बाजूंना धरून. वजन जितकं येईल तितके ते घट्ट बसतात. तीन हायलायटर वाया गेले होते राव.

तिथून थोडं चाललं की राजों की बावली. बावली म्हणजे आपली बारव. नाव ऐकून वाटतं राजेलोकांची असेल. नाही, ‘राज’ म्हणजे गवंडी. पुढे कधीतरी इथे गवंडीकाम करणारी माणसं राहायची म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. बांधकाम १५०६ च्या सुमाराचं, सिकंदर लोदीच्या काळातलं. खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना कमानींच्या ओवऱ्या. भर उन्हातून खाली उतरलात की चार-पाच पायऱ्यांतच गारवा लागतो. शेवटच्या पायरीवर मी बराच वेळ बसले होते. कुणी हटकलं नाही.

जमाली-कमालीही बघा. जमाली म्हणजे सोळाव्या शतकातला सूफी कवी, त्याची मशीद आणि कबर १५२८-२९ च्या आसपासची. कबरीच्या खोलीचं छत निळ्या-लाल नक्षीचं आहे. खोलीला बऱ्याचदा कुलूप असतं, रखवालदाराला नीट विचारलंत तर उघडतो कधीकधी. शेजारी झोपलेला कमाली कोण, हे कुणालाच पक्कं माहीत नाही. भुतांच्या गोष्टी मात्र भरपूर आहेत. रील्सवर त्या बघितल्या असतीलच, त्यामुळे पुढे जाऊ.

पुढे एका टेकाडावर मुहम्मद कुली खानाची कबर आहे. बहादूरशहा जफरच्या दरबारातला इंग्रज रेसिडेंट थॉमस मेटकाफ, याने ही कबर विकत घेतली आणि तिचा पावसाळी बंगला केला. नाव ठेवलं दिलकुशा. माणसाच्या कबरीवर डायनिंग हॉल! वर भोवताली बाग, पाण्याचे पाट, शोभेचे मनोरे. बादशहाचा उन्हाळी महाल इथून हाकेच्या अंतरावर होता. त्याच्यावर लक्ष ठेवायला ही जागा चांगली होती, असंही म्हणतात. आज तिथे कबूतरं असतात आणि प्री-वेडिंग शूटवाली जोडपी.

आता जरा अवघड विषयाकडे वळते. कुतुबबद्दल तुमच्या फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड येतातच. कुणाचा मिनार, कुणाचं मंदिर, कुणी पाडलं. एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कुतुबच्या आवारातल्या मशिदीसाठी सत्तावीस मंदिरांचं सामान वापरलं, हे त्या मशिदीवरचा शिलालेखच सांगतो. खांबांवरच्या घंटा आणि साखळ्या आजही दिसतात. ते नाकारण्यात काही अर्थ नाही, आणि ‘असू दे, जुनं झालं’ म्हणून टाळूही नये.

पण त्याच गावात, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, योगमायेचं देऊळ आहे आणि ख्वाजा बख्तियार काकीचा दर्गा आहे. दुसऱ्या अकबरशहाच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून, इथे ‘फूलवालों की सैर’ भरते. बादशहाच्या बेगमेने हद्दपार झालेल्या मुलासाठी नवस केला, मुलगा परत आला, तिने दर्ग्यावर फुलांची चादर चढवली, आणि सोबतच योगमायेलाही फुलं गेली. फुलांच्या पंख्यांची मिरवणूक दोन्हीकडे जायची. १९४२ मध्ये इंग्रजांनी ही जत्रा बंद पाडली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला नेहरूंच्या पुढाकाराने ती पुन्हा सुरू झाली.

आणि याच दर्ग्यात २७ जानेवारी १९४८ ला गांधीजी आले होते. फाळणीच्या दंगलीत दर्ग्याची मोडतोड झाली होती, आसपासचे मुसलमान घरं सोडून गेले होते. गांधीजींनी त्या महिन्यात जे उपोषण केलं, त्याच्या अटींमध्ये मेहरौलीचा उरूस नेहमीसारखा भरला पाहिजे ही एक अट होती. तो भरला. तीन दिवसांनी त्यांचा खून झाला.

मोडलेली देवळं, फुलांचे पंखे आणि हा उरूस, सगळं एकाच गावात. फॉरवर्डमध्ये यातलं एकच काहीतरी येतं, कारण फॉरवर्ड करणारा मेहरौलीत चाललेला नसतो. चाललात की एक सोडून दुसरं घेता येत नाही, रस्ताच तसा आहे. (दर्ग्याच्या अगदी आतल्या भागात बायकांना सोडत नाहीत. मी जाळीतून बघितलं. मला ते आवडलं नाही, हेही नोंदवून ठेवते.)

दिवस लवकर काढा असं म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे. यातलं सगळंच टिकणार आहे असं नाही. ३० जानेवारी २०२४ ला पहाटे, शेजारच्या संजय वनातली अखूंदजी मशीद पाडली गेली. प्रशासनाचं म्हणणं, वनजमिनीवरचं ते बेकायदा बांधकाम होतं. इतिहासकारांचं म्हणणं, मशीद काही शतकं जुनी होती. वाद कोर्टात गेला. कोण बरोबर ते कोर्ट ठरवेल, पण ती बघायला आता कुणी जाऊ शकत नाही. आणि नुसता बुलडोझर तरी कशाला, लोकांनी जायचं बंद केलं तरी जागा संपते. आधी कचरा येतो, मग बाजूला खोली येते, मग भिंतीला भिंत लागते. आपल्याकडच्या किती बारवा अशा गेल्या, ते तुमच्या तालुक्यात विचारून बघा.

सगळ्यात शेवटी जफर महालात जा. दर्ग्याला लागूनच आहे. दुसऱ्या अकबरशहाने बांधलेला महाल, लाल दगडाचा उंच हाथी दरवाजा बहादूरशहाने बांधला. दरवाजा भव्य आहे, आत मात्र पडझड. चारी बाजूंनी घरं अंगावर आलेली, कुणाच्या तरी गॅलरीतले कपडे वाळताना दिसतात. आत छोटी मोती मशीद, आणि तिच्या बाजूला संगमरवरी जाळीच्या आड काही कबरी.

त्यातली एक शाहआलमची. हे नाव आपल्या इतिहासातलंच आहे. याच शाहआलमला १७७२ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्लीच्या तख्तावर आणून बसवलं. १७८८ मध्ये गुलाम कादिरने त्याचे डोळे काढले, तेव्हा पुन्हा धावून गेली ती महादजींचीच फौज. १८०३ मध्ये इंग्रजांनी शिंद्यांच्या फौजेला दिल्लीबाहेर हरवलं आणि म्हातारा, आंधळा बादशहा त्यांच्या ताब्यात गेला. शाळेत आपण पानिपतावर थांबतो. पुढची गोष्ट इथे, मेहरौलीत, एका साध्या कबरीखाली आहे.

त्या कबरींमध्ये थोडी जागा रिकामी आहे. ती बहादूरशहाने स्वतःसाठी राखून ठेवली होती. १८५७ झालं, लाल किल्ल्यात खटला चालला, आणि १८५८ मध्ये त्याला रंगूनला पाठवलं. १८६२ मध्ये तो तिथेच वारला. जागा तशीच राहिली.

मी रत्नागिरीची. रंगून म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांना एकच गोष्ट आठवते. इंग्रजांनी दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात पाठवला, आणि ब्रह्मदेशाचा राजा थिबा आमच्याकडे आणला. १८८६ मध्ये तो रत्नागिरीला आला, १९१६ मध्ये तिथेच गेला. थिबा पॅलेसला शाळेची सहल दर दोन वर्षांनी. थिबा पॉइंटवर सूर्यास्त बघत भेळ खाल्ल्याशिवाय कुणाची दहावी पूर्ण होत नाही. त्या जाळीच्या बाहेर उभी असताना मला एकदम जाणवलं, की थिबाची कबर रत्नागिरीतच आहे, आणि मी ती कधी बघितलेली नाही. दिल्लीत दोन वर्षं बल्बन राहिला, इथे अठरा वर्षं थिबा.

तर जाताना हे लक्षात ठेवा. नोव्हेंबरातला धूर टाळा, फेब्रुवारी सगळ्यात छान. बूट घाला, काटे आहेत. पाणी बरोबर घ्या, पार्कात काही मिळत नाही. एकटे जाऊ नका, विशेषतः मुलींनो, आणि पार्कातून अंधार पडायच्या आत बाहेर या. जेवायला मेहरौलीच्या बाजारात थांबा. कुतुब सगळ्यात आधी करा, सकाळी उघडल्या उघडल्या, म्हणजे गर्दी व्हायच्या आत तुम्ही झाडीत शिरलेले असाल.

मी त्या दिवशी संध्याकाळी मेट्रो स्टेशनच्या पायऱ्यांवर बसून घरी फोन लावला. निकालानंतर आठ दिवस धड बोलले नव्हते कुणाशी.

“बाबा, थिबाची कबर बघितलीय का हो तुम्ही?”

बाबा जरा गोंधळले. मग म्हणाले, “नाही गं. एवढी वर्षं इथे राहून कधी गेलोच नाही. तू ये, मग जाऊ दोघं.”