फाईल जाडजूड, विचारपूस शून्य

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतण्याइतकी सोपी झाली आहे. लांजा-पावसकडची म्हातारी माणसं रत्नागिरीला येतात, थेंब टाकून डोळा बधिर होतो, अर्ध्या तासात भिंग बसतं. पण त्या अर्ध्या तासाआधी तपासण्यांचा जो घाट घातला जातो, त्यात रुग्णाची काळजी किती आणि आपली भीती, हौस नि दुसऱ्या कुणाची कमाई किती, हे एकदा उघड बोललं पाहिजे.

रक्तदाब, साखर, डोळ्यातला दाब, भिंगाच्या नंबरासाठीचं मोजमाप, अश्रुमार्ग मोकळा आहे की नाही, हे पाहायलाच हवं. पण धडधाकट माणसाला ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि रक्ताच्या ढीगभर चाचण्या सरसकट कशासाठी? अमेरिकेत सुमारे १९,००० शस्त्रक्रियांवर याचा पडताळा घेतला गेला. निम्म्यांच्या आधी या तपासण्या केल्या, निम्म्यांच्या नाही. दोन्हीकडे गुंतागुंतीचं प्रमाण एकच निघालं, हजारी ३१. हे २००० साली छापून आलं. तरी फाईल वाढतेच आहे, कारण ती वाढण्यात अनेकांचं भलं आहे.

त्या भल्याचा हिशेब आपल्या शेजारच्या महाडमध्ये २०१३ साली उघड झाला. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगभर ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावसकर यांना रुग्ण तपासणीला पाठवल्याबद्दल १,२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी थेट महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. असं कमिशन २००२ च्या नियमांनीच निषिद्ध आहे. २०१७ साली कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही राज्यात तयार झाला. पुढे काय झालं, ते विचारायला आपल्यापैकी कोण गेलं?

कारण सगळं पाप डॉक्टरांच्या माथी मारून आपण सुटत नाही. एखादा प्रामाणिक डॉक्टर ‘एवढ्या तपासण्यांची गरज नाही’ म्हणाला, की आपणच बाहेर येऊन म्हणतो, ‘ह्याने काही बघितलंच नाही!’ मुंबईचा चाकरमानी मुलगा फोनवर हुकूम सोडतो, ‘सगळ्या टेस्ट करून घ्या, पैशाची चिंता नको.’ आई रोज कुठल्या गोळ्या घेते, हे मात्र त्याला ठाऊक नसतं.

आणि खरी तयारी तिथेच असते. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्याची बाहुली शस्त्रक्रियेच्या वेळी नीट मोठी राहत नाही, बुबुळाचा पडदा लुळा पडतो. हे २००५ पासून माहीत आहे. आधी कळलं तर सर्जन त्या तयारीने उतरतो. पण आजोबा सुनेसमोर लघवीच्या गोळीचं नाव काढत नाहीत, आणि सून विचारत नाही. शरीराविषयी मोकळं बोलण्यासाठी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ साली काढणाऱ्या र. धों. कर्व्यांचं घराणं याच जिल्ह्यातल्या मुरूडचं. त्यांना छळणाऱ्या त्या लाजेचं ओझं आपण अजून डोक्यावर मिरवतो आहोत.

याहून संतापजनक प्रकार पुढे. संमतीपत्र येतं. आई शेजारीच बसलेली, शुद्धीवर, सही करता येणारी. कागद जातो मुलाच्या हाती! तो न वाचताच सही ठोकतो. डोळा तिचा, जोखीम तिची, निर्णय त्याचा. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट सांगितलं, की सज्ञान रुग्णाची संमती तिची स्वतःचीच हवी; तिथे आईने मुलीच्या वतीने दिलेली संमतीही न्यायालयाने मानली नाही. आपण मात्र बाईमाणसाच्या सहीला अजून मोजत नाही.

तेव्हा यंदा आंब्याचा हंगाम उरकून आईला रत्नागिरीला न्याल, तर तिच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांपुढे मांडा. कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. प्रत्येक तपासणीला ‘ही कशासाठी?’ असं विचारा. आणि संमतीपत्र तिला वाचून दाखवून पेन तिच्या हातात द्या.