दर्शनी भागापलीकडचा वारसा

कोलकात्यात अलिपूर येथे असलेल्या ‘बेल्व्हेडेअर हाउस’ची विसाव्या शतकाच्या आरंभीची छायाचित्रे मी इतिहासप्रेमापेक्षा प्रशासकीय नोंद म्हणून पाहतो. उंच स्तंभ, रुंद पायऱ्या, समोर मोकळे आवार. बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरचे हे निवासस्थान. सत्तेला जे दाखवायचे होते, तेवढेच कॅमेऱ्याने टिपले.

१९११ मध्ये राजधानी दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली आणि पुढच्याच वर्षी लेफ्टनंट गव्हर्नरचे पदही संपले. वास्तू मात्र टिकली. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय ग्रंथालय तेथे आले आणि १ फेब्रुवारी १९५३ रोजी मौलाना आझाद यांनी ते जनतेसाठी खुले केले. १९५४ च्या कायद्यानुसार देशात प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची, अर्थात मराठी पुस्तकाचीही, एक प्रत या ग्रंथालयाला देणे प्रकाशकांवर बंधनकारक आहे. वसाहतकालीन वास्तू पाडाव्यात की पुजाव्यात, या वादाला याहून समर्पक उत्तर मला दिसत नाही: त्या लोकांच्या उपयोगात आणाव्यात.

परंतु उपयोगासाठी जतन हवे आणि जतनासाठी नोंद. २०१० मध्ये जीर्णोद्धाराच्या वेळी तळमजल्यावर एक बंदिस्त खोली आढळली; तिला दारच नव्हते. गुप्त खजिन्यापासून छळकोठडीपर्यंत तर्क लढवले गेले. पुढे आत केवळ माती भरलेली निघाली. दर्शनी भाग इतका परिचित असलेल्या वास्तूच्या अंतरंगाबद्दल आपण किती अनभिज्ञ होतो, हे त्यातून उघड झाले.

हे एका वास्तूपुरते नाही. केंद्राने संरक्षित केलेली ९२ स्मारके जागेवर सापडत नाहीत, असे ‘कॅग’ने २०१३ मध्ये नोंदवले. त्यांपैकी अनेकांचा नंतर शोध लागला. तरीही ५० बेपत्ता असल्याचे सांस्कृतिक मंत्रालयाने पुढे संसदीय समितीला सांगितले. १४ शहरीकरणात गेली, १२ जलाशयांत बुडाली आणि २४ चा मागमूस नाही. ज्याचे नेमके स्थान आणि रूप नोंदलेले नाही, त्याचे रक्षण कोणता कायदा करणार?

जुनी छायाचित्रे येथे पुरावा ठरू शकतात. पण तीही विखुरलेली आहेत. मोठा साठा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. कोलकात्याच्या ‘बोर्न अँड शेफर्ड’ स्टुडिओचा संग्रह १९९१ च्या आगीत होरपळला. २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी आपल्या कायद्यानुसार छायाचित्रावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपत असे. म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेली छायाचित्रे एकत्र आणण्यात हक्काचा अडसर नाही. उणीव आहे ती इच्छाशक्तीची.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक संरक्षित वास्तूची आतून-बाहेरून घेतलेली, दिनांकित छायाचित्रे आणि आराखडे ठरावीक काळाने सर्वांसाठी खुले करावेत. जीर्णोद्धाराच्या निधीचा पहिला हप्ता त्या नोंदीशी जोडावा. वसाहतीच्या सत्तेने छायाचित्रे घेतली ती वैभव मिरवण्यासाठी; लोकशाहीने ती घ्यावीत, हिशेब देण्यासाठी.