पेटींतील पैठणी कां विरते

लग्नसराई आली कीं आमच्या किहीमसारख्या समुद्रकांठच्या गांवीं जुन्या पेट्या उघडतात, आणि सासूबाईंची पैठणी सुनेनें नेसतांच घडीवर टर्रकन् फाटते. मग दोष कोणाचा? सुनेचा, नाहीं तर कसरीचा. आमच्या मतें या दोघींवरही बहुधा अन्यायच होतो.

कसर कुरतडते तेव्हां वेडींवांकडीं भोंकें पडतात. खळ दिलेलें सुती कापड व घामाचे डाग राहिलेलें रेशीम तिला विशेष प्रिय. परंतु चीर सरळ आणि नेमकी घडीवर असेल, तर ती कित्येक वर्षें हळूहळू पडत आलेली असते. जुन्या खऱ्या जरीची तार म्हणजे रेशमी दोऱ्याभोंवतीं गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदी. धातु कठीण, रेशीम कोमल. एकच घडी वर्षानुवर्षें दाबून राहिली म्हणजे तेथील तंतु आधीं दुबळे होतात, मग एकेक तुटतात. त्यांत किहीमची खारी हवा! वस्त्रांत मुरलेलें मीठ ओल ओढून घेतें. आर्द्रता शेंकडा 65 च्या वर बराच काळ राहिली कीं बुरशी धरूं लागते, आणि आपल्याकडे पावसाळ्यांत ती त्याहून पुष्कळच अधिक असते.

काळ्या चंद्रकळेची कथा निराळी. पूर्वीं काळा रंग लोखंड व हिरडा यांपासून करीत; तें लोखंडच पुढें सुतास आंतून खातें. 18 व्या शतकांतील भारतीय चिटांत तांबडीं फुलें शाबूत, पण भोंवतालची काळी रेघ गळून गेलेली आढळते, ती याच कारणानें. गंजक्या ट्रंकेचे डागही तेंच काम करितात.

पावसाळा सरल्यावर वस्त्रांस ऊन दाखविणें हें वाडवडिलांचें वळण. त्यास नांवें ठेवणें आमच्या जिवावर येतें. पण रेशमास कडक ऊन म्हणजे विषच. त्यानें रंग तर उडतोच, तंतूचें बळही जातें, आणि गेलेलें बळ परत येत नाहीं. वस्तुसंग्रहालयांत जुन्या वस्त्रांवर साधारणतः 50 लक्सपेक्षां अधिक उजेड पडूं देत नाहींत. भर दुपारचें ऊन त्याच्या हजारपटीहून प्रखर असतें.

म्हणून मार्गशीर्ष-पौषांत कोरडी हवा सुटली म्हणजे पैठणी सावलींत पसरावी. नवी घडी जुन्या घडीवर घालूं नये. घडींत धुतलेल्या मऊ सुती कापडाची वळी ठेवावी. डांबराच्या गोळ्या जरीस लागूं देऊं नयेत. आणि जी पैठणी घडीवर विरली आहे, ती सुनेस नेसविण्याचा हट्ट तेवढा धरूं नये. तबकांत ठेवून वडीलधाऱ्यांस दाखविली तरी चालेल.