संशोधकाचे निबंध मोजायचे की वाचायचे?

नेमणूक असो, बढती असो वा संशोधनाचे अनुदान, निवड समितीचे प्रश्न ठरलेले असतात: शोधनिबंध किती, सायटेशन (इतरांनी निबंधाचे दिलेले संदर्भ) किती, एच-इंडेक्स (निबंध आणि सायटेशन मिळून काढलेला आकडा) किती? या तीन आकड्यांवर संशोधक तोलण्याची पद्धत बंद व्हायला हवी. मेंदूवरच्या औषधांचा गेल्या शतकातला इतिहास तिच्याविरुद्ध साक्ष देतो, आणि त्यातला एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत घडला आहे.

गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’ या नियतकालिकात लिहिले की, सर्पगंधेच्या मुळीने उन्माद शमतो आणि वाढलेला रक्तदाबही उतरतो. पाश्चात्त्य वैद्यकाने पुढची जवळजवळ दोन दशके त्याकडे लक्ष दिले नाही. मग १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील सर्पगंधेचे निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले. त्यानंतर चक्रे फिरली. बाझेलच्या सीबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये या मुळीतून रिसर्पिन वेगळे काढले आणि १९५७ मध्ये वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. १९४० मध्ये कुणी सेन-बोस यांची सायटेशन मोजायला बसले असते, तर हाती फारसे काही लागले नसते.

याच रिसर्पिनने पुढे मेंदूशास्त्राचे एक मोठे दार उघडले. स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनी ते सशांना दिले, तेव्हा ससे जागच्या जागी निपचित पडले. ज्यापासून मेंदूत डोपामाइन हे रसायन तयार होते तो एल-डोपा टोचताच ते थोड्याच वेळात पुन्हा हालचाल करू लागले. १९५७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला हा निबंध अगदी त्रोटक होता. १९६० मध्ये लंडनच्या परिसंवादात जमलेल्या दिग्गजांना मेंदूतील डोपामाइनचे महत्त्व पटले नाही. त्याच वर्षी व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच यांनी हर्बर्ट एहरिंगर यांच्यासह, कंपवाताने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामाइन घटलेले असते, हे दाखवले. तो निबंध जर्मन भाषेत होता. कंपवाताच्या रुग्णांना आजही दिला जाणारा एल-डोपा याच कामातून आला. कार्लसन यांना नोबेल मिळायला २००० साल उजाडावे लागले. त्यात हॉर्निकिएविच यांचे नाव नव्हते, म्हणून दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी खुल्या पत्रातून निषेध नोंदवला. ते निबंधांचे गठ्ठे मोजत नव्हते. कोणत्या निबंधाने काय बदलले, हे त्यांना वाचून ठाऊक होते.

सायटेशनचा आकडा वापर दाखवतो. खोली दाखवेलच असे नाही. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील औषधशास्त्राचे विभागप्रमुख ऑलिव्हर लोरी यांनी मेंदूच्या अतिसूक्ष्म नमुन्यांचे रासायनिक विश्लेषण करण्यात हयात घालवली. जगात सर्वाधिक उद्धृत झाला तो मात्र प्रथिने मोजण्याच्या पद्धतीवरचा त्यांचा १९५१ चा निबंध. तीन लाखांहून अधिक वेळा! तो उपयुक्त होता यात शंका नाही, पण त्या आकड्यावरून मेंदूविषयी काहीच कळत नाही. याउलट अल्झायमरवरचा ‘नेचर’मधील २००६ चा एक गाजलेला निबंध हजारो वेळा उद्धृत झाला आणि चित्रांत फेरफार आढळल्याने २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला. तोपर्यंत त्याची सायटेशन लेखकांच्या खात्यात जमा होतच होती.

आकडे नकोत म्हटले की लगेच विचारले जाते: मग वशिलेबाजी कशी रोखणार? प्रश्न रास्त आहे. ओळखीपाळखीवर झालेल्या नेमणुका लोकांनी पाहिल्या आहेत, म्हणूनच आकडा निःपक्षपाती वाटतो. पण २०१० पासून विद्यापीठ अनुदान आयोगाची, निबंधांच्या संख्येला गुण देणारी एपीआय पद्धती आली आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना बरकत आली. पीएचडीचा प्रबंध देण्यापूर्वी निबंध छापलाच पाहिजे ही सक्ती आयोगानेच २०२२ मध्ये काढून टाकली. आकड्याने वशिला संपला नाही. प्रामाणिक विद्यार्थ्यावर मात्र छापण्याचा बोजा पडला.

वशिल्यावर उपाय आहे, तो उघड आणि लेखी कारणांचा. उमेदवाराने आपले सर्वांत महत्त्वाचे पाच निबंध निवडावेत आणि प्रत्येकात स्वतःचा वाटा काय होता हे लिहून द्यावे. त्याच विषयातील दोन बाहेरच्या तज्ज्ञांनी ते पूर्ण वाचून सहीनिशी अभिप्राय द्यावा आणि तो उमेदवारालाही मिळावा. दुसऱ्याचा प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्या आणि ‘परिणाम आढळला नाही’ असे प्रामाणिकपणे छापणाऱ्या कामालाही श्रेय असावे. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणूस जोखू नये, असे सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१३ पासून सांगत आला आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी त्यावर नुसती सही करून थांबू नये. पुढच्या प्राध्यापक भरतीच्या जाहिरातीतच पाच निबंधांची ही अट घालावी.

आपला,
एक वाचक, पुणे