कुऱ्हाड न लावता जंगल कसे मरते



राबासाठी चार फांद्या तोडल्या की गार्ड केस करतो. दळीच्या जमिनीत नांगर घातला की नोटीस येते. जंगल कोणामुळे गेले, असे विचारले तर जंगलखात्याचे उत्तर ठरलेले : आदिवासींमुळे. म्हणून या वेळी आम्ही अशा जंगलांबद्दल लिहितो आहोत, जिथे खात्याची राखण कडक होती, कुऱ्हाड लावायला कोणी गेले नव्हते, आणि तरी झाडे वाळली.

ही जंगले युरोपातली. थंड मुलूख, बर्फ पडते. आपल्याकडे साग नि ऐन, तसे तिकडे पाइन, स्प्रूस, फर. या झाडांना पानांच्या जागी सुया असतात आणि ती बारा महिने हिरवी राहतात. पश्चिम जर्मनीत 1984 साली पाहणी झाली, तेव्हा निम्म्या जंगलात बिघाडाच्या खुणा सापडल्या. सुया पिवळ्या पडून गळत होत्या, शेंडे उघडे पडत होते. आणि जर्मनी म्हणजे जंगलशास्त्राचे माहेरघर. इंग्रजांनी 1864 साली आपल्याकडे जंगलखाते काढले, त्याचा पहिला मोठा साहेब ब्रँडिस हा जर्मनच होता. शास्त्र होते, खाते होते, गार्ड होते. धुराला मात्र कोणी अडवले नाही.

धुराने झाड कसे मरते ते समजून घेऊ. दगडी कोळशात आणि तेलात गंधक असतो. तो जळला की त्याचा वायू होतो. हा वायू ढगातल्या पाण्यात मिसळला की गंधकाचे तेजाब बनते. ट्रकच्या बॅटरीत असते तेच, पण खूप पातळ. मोटारींच्या आणि भट्ट्यांच्या धुरातून दुसरे एक तेजाब बनते. दोन्ही पावसातून, बर्फातून खाली येतात. याला आम्ल पाऊस म्हणतात. अंगावर पडला तर काही कळत नाही. मातीला मात्र कळते. मातीतला चुना आणि झाडाला लागणारी बाकीची खनिजे तो वर्षानुवर्षे धुऊन नेतो. सुया पिवळ्या पडतात त्या म्हणून. मग मातीत बांधलेले अॅल्युमिनियम सुटते आणि मुळांना बाधते. असे अशक्त झाड पुढे थंडीने, दुष्काळाने नाहीतर किडीने जाते. कागदावर नाव किडीचे लागते.

ओढ्यांचे हाल तर झाडांच्या आधी झाले. स्वीडन, नॉर्वेचा खडक बहुतेक ग्रॅनाइटचा, वरची माती पातळ. आंबटपणा मारायला तिच्यात चुना थोडा. मातीतून सुटलेले अॅल्युमिनियम ओढ्यात उतरते, माशाच्या कल्ल्यांवर बसते आणि मासा पाण्यातच गुदमरतो. अंडी आणि पिल्ले आधी जातात. काही वर्षे नुसते मोठे मासे सापडतात, मग तेही नाहीत. नॉर्वेच्या दक्षिणेला तोव्दाल नदीत 1975 साली बर्फ वितळताना हजारो ट्राउट मासे मरून वर आले. अशा तळ्यांचे पाणी दिसायला नितळ असते. बाहेरचा माणूस म्हणेल, काय स्वच्छ पाणी आहे!

आता विचारा, हा धूर कोणाचा? नॉर्वेच्या मासे धरणाऱ्यांचा नव्हे. त्यातला बराचसा इंग्लंड-जर्मनीच्या कारखान्यांचा आणि वीजकेंद्रांचा. जवळच्या शहरात ओरड झाली की मालक धुराडे उंच करत. कॅनडात सडबरीच्या निकेल कारखान्याने 1972 साली 381 मीटरचे धुराडे बांधले. शहराची हवा सुधारली, पण धूर दूरच्या तळ्यांवर गेला. उंच धुराड्याने धूर कमी होत नाही, त्याचा पत्ता बदलतो. नवा पत्ता बहुतेक वेळा जंगलातल्या माणसाचा असतो, कारण त्याची ओरड कोणाला ऐकू जात नाही.

नॉर्वेची ओरड ऐकली गेली ती कशामुळे? एक कारण असे, की तिथल्या नद्यांत दरसाल किती सॅमन मासा मिळाला याच्या जुन्या नोंदी होत्या. मासा कधीपासून कमी झाला ते दाखवता आले. 1979 साली युरोपातल्या देशांचा करार झाला. 1985 साली बऱ्याच देशांनी गंधकाचा धूर 30 टक्क्यांनी कमी करायचे कबूल केले. इंग्लंड त्यातून बाहेर राहिले.

हे आपल्याला कशाला सांगता, असे कोणी विचारील. डहाणूला कोळशावर चालणारे 500 मेगावॉटचे वीजकेंद्र उभे राहिले आहे. धुराडे 275 मीटरचे. पावसाळ्यात वारा समुद्राकडून आपल्या डोंगराकडे येतो. आपला दगड काळा, माती वेगळी. युरोपात झाले ते जसेच्या तसे इथे होईल असे आमचे म्हणणे नाही. पण याच डहाणू तालुक्याला 1991 साली सरकारने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवले आहे. धुरातला गंधक काढणाऱ्या यंत्राची अट पुरता विचार केल्याशिवाय सैल करू नये, असे सुप्रीम कोर्टाने सांगितले आहे. ही अट पाळली जाते की नाही हे कोण बघणार? आमच्या मते ज्याच्या शेतावर पाऊस पडतो त्याने बघायचे.

म्हणून आमच्या मागण्या दोन. धुराची मोजणी मराठीत लिहून दर महिन्याला गावात लावावी. आणि ते यंत्र चालू असल्याशिवाय भट्टी पेटवू नये.

आणि एक काम आपले. आपल्या ओहोळात आज कोणते मासे, कोणत्या चिंबोऱ्या कोणत्या महिन्यात मिळतात, कोणत्या झाडाला कधी पालवी फुटते, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून प्रत्येक पाड्याने वहीत लिहून काढावे. शाळेतली पोरे लिहितील. बाया मासे धरायला जातात, त्यांना आधी विचारा. “पूर्वी लय मासे होते” एवढे बोलून कोर्टात भागत नाही. तारीख लागते, ओहोळाचे नाव लागते.

जमिनीचा हक्क आपण मागतो तो नुसत्या सातबाऱ्यापुरता नाही. त्या जमिनीवर वरून काय पडते, हे विचारायचा हक्कही त्यातच आला. पुढच्या बैठकीला येताना पाड्याची वही घेऊन या.

जिंदाबाद!