कारकून फोल्डरमध्ये राहतो, सॉफ्टवेअरनंही तिथंच यावं!

पोस्ट थोडी लांब आहे. विषय संगणकाचा वाटेल, पण आहे आपल्या सगळ्यांचा. शेवटपर्यंत वाचा.

आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही कार्यालयाचा संगणक उघडून बघा. ‘ठराव फायनल’, ‘ठराव फायनल २’, ‘ठराव फायनल नवीन’, ‘ठराव साहेबांनी पाहिलेला’. यातला खरा कोणता? टेबलावरच्या माणसालाही सांगता येत नाही.

मध्यंतरी एका कार्यालयातून (नाव घेत नाही) रस्त्याच्या कामाच्या ठरावाची प्रत मागितली. सभेत वाटलेल्या प्रतीत रस्त्याची लांबी एक, मला मिळालेल्या प्रतीत दुसरी. कुणी बदलली? कधी? कशासाठी? उत्तर शून्य. घोटाळा झाला असं मी म्हणत नाही. पण झाला नाही हे तरी कोण छातीठोक सांगणार? रड इथंच आहे.

यावरचं औषध जुनं आहे. फाइलीतला प्रत्येक बदल, बदलणाऱ्याचं नाव, तारीख आणि कारण यांची नोंद ठेवणारी सॉफ्टवेअर. सबव्हर्जनची पहिली पक्की आवृत्ती २००४ ची. लिनस टॉरवाल्ड्सनं गिट लिहिलं एप्रिल २००५ मध्ये. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला माहिती अधिकाराचा कायदा लागू झाला. त्याचं कलम ४ कार्यालयांना सांगतं की नोंदी सूची करून नीट ठेवा, संगणकावर आणा. प्रोग्रामरला आज कुठली ओळ कुणी बदलली ते क्षणात कळतं. आपल्याला रस्त्याची लांबी कुणी बदलली ते कळत नाही.

हे बोललं की आयटीतली आपलीच पोरं म्हणतात, “दादा, त्यासाठी मस्त अ‍ॅप आहेत. सोर्सट्री घ्या, गिटहब डेस्कटॉप घ्या. उघडा आणि वापरा.”

माझं भांडण या ‘उघडा’शी आहे.

कारकून दिवसभर फोल्डरमध्ये असतो. फाइल उघडली, दुरुस्त केली, सेव्ह केली, प्रिंट काढली. मध्येच दुसरं अ‍ॅप उघडून तिथं नोंद करायची, हे पहिले चार दिवस होईल. पाचव्या दिवशी साहेब घाईत असतील, सहाव्या दिवशी वीज जाईल आणि सातव्या दिवशी ते अ‍ॅप विसरलं जाईल. जे काम वाटेत येत नाही ते होत नाही, हा सरकारी टेबलाचा नियम आहे.

टॉरटॉइजएसव्हीएन नावाचं फुकट सॉफ्टवेअर नेमकं वाटेत बसतं. विंडोजच्या फोल्डरमध्येच फाइलीवर हिरवी खूण दिसली की सगळं नोंदलेलं. लाल उद्गारचिन्ह दिसलं की बदल केलाय, नोंद बाकी आहे. राइट क्लिक करा, कारण लिहा, झालं. गिटवाल्यांसाठी याच घराण्यातलं टॉरटॉइजगिट आहे. वर्डची फाइल असेल तर जुनी-नवी प्रत शेजारी ठेवून फरकही दाखवतं. एकाच फाइलीवर दोघांनी हात मारू नये म्हणून कुलूप लावायची सोय आहे, तीही राइट क्लिकमध्येच.

विकिपीडियाचं बघा. पानाचा इतिहास त्याच पानावर एका टिचकीवर मिळतो. त्यासाठी वेगळं अ‍ॅप घ्यावं लागलं असतं, तर किती जणांनी तो इतिहास उघडून पाहिला असता?

आता विरोधकांचं खरं म्हणणंही ऐकू. विंडोज अशा खुणांसाठी फक्त १५ जागा देतं. ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह हेही त्याच रांगेत उभे. ही रांग नावाच्या क्रमानं लागते, म्हणून काही सॉफ्टवेअर आपल्या नावाआधी रिकाम्या जागा टाकून पुढे घुसतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी, तसंच! मागे राहिलेल्याची खूण दिसतच नाही. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ नं तर असे अनेक जुने पर्याय राइट क्लिकच्या आणखी एक पायरी आत ढकलले. हजारो फाइलींचं फोल्डर असलं की खुणा उमटायला वेळही लागतो.

सगळं मान्य. पण हे दोष मांडणीचे आहेत, जागेचे नाहीत. रस्त्यावर खड्डे आहेत म्हणून कुणी गावच दुसरीकडे हलवत नाही. खूण नाही दिसली तरी मेनू असतोच. आणि ज्याला दिवसाकाठी दहा शाखा जोडायच्यात, त्या प्रोग्रामरनं खुशाल वेगळं अ‍ॅप वापरावं. त्याचं कामच ते आहे. त्याच्या सोयीचं हत्यार कारकुनाच्या गळ्यात मारू नका, एवढंच म्हणणं.

कार्यालयासाठी मला सबव्हर्जनच जास्त पटतं, तेही एका कारणासाठी. त्यात इतिहास मधल्या सर्व्हरवर राहतो. टेबलावरची फाइल उडवली तरी नोंद उडत नाही. सर्व्हरची किल्ली एकाच माणसाच्या खिशात नको, ही अट मात्र लिहूनच घ्यावी लागेल.

सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत. लागतं ते दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि साहेबांची इच्छा. त्यातलं दुसरं महाग आहे, हे मलाही ठाऊक आहे.

म्हणून पुढच्या वेळी नगरपरिषदेत नवे संगणक घ्यायचा विषय आला, की आपल्या नगरसेवकाला एकच प्रश्न विचारा. ठरावाची फाइल कुणी, कधी, का बदलली हे या संगणकावर दिसणार का? उत्तर काय येतं ते मला कळवा. मी छापतो.